दोरी आणि डोरलं

"माझ्यावर नवऱ्याच्या खुनाचा आळ आलाय," ती पोरगी दारातनंच म्हणाली. "आणि मी त्याला मारलेलं न्हाई."

कृष्णातने चहाची बशी खाली ठेवली. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून तो कराडात विनोदिनीबाईंची गाडी चालवायचा, आणि त्यांच्या खासगी तपासाच्या धंद्याला मनातल्या मनात शिव्या घालायचा. लोकांच्या मोऱ्या हुंगायचा धंदा, दुसरं काय! पण घरात बसून सुनेच्या मालिका बघण्यापेक्षा मोऱ्या बऱ्या.

पोरीचं नाव रेश्मा. माहेर शिराळ्याचं, दिलेली कुंडलला. बड्या बागायतदाराच्या एकुलत्या एका पोराला, ऋषिराजला. कपाळावर कुंकू होतं आणि गळ्यात डोरलं. नवरा मेलाय म्हणते आणि हे काय, कृष्णातला उमजेना.

"सगळं सांग," विनोदिनीबाई म्हणाल्या. "लाजायचं नाही, लपवायचं नाही."

रेश्माने सांगितलं. महिन्यामागे हायवेवर दारूच्या नशेत ऋषिराजने एका पोराला उडवलं. पुष्कर नाव त्याचं, कॉलेजात शिकायचा. जागेवर गेला. रेश्मा गाडीत शेजारीच बसली होती.

"थांब म्हणून ओरडले मी. त्यानं आरशात पण बघितलं न्हाई."

कोणाची गाडी ते पोलिसांना कळलंच नाही. रेश्माची मात्र झोप उडाली. शेवटी तिने नवऱ्याला बजावलं, तू जात नसशील तर चौकीत मी जाते. तेव्हा तो पाया पडायचाच बाकी राहिला. "थोडे दिवस दे. आपली शिडाची होडी घेऊन कोयनेच्या पाण्यात हिंडू. आलो की मी स्वतः हजर होतो."

"धरणात बुडालेल्या गावांच्या टेकड्यांची बेटं झालीत तिथं," रेश्मा सांगत होती. "वारा नेईल तिकडं जायचं. बेट लागलं की सायकली काढायच्या आणि जुन्या गाडीवाटेनं फिरायचं. खोटं कशाला बोलू, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तो माझ्याशी माणसासारखा वागत होता."

शेवटच्या दिवशी ती बेटावरच थांबली. तो प्यायचं पाणी आणायला पलीकडच्या काठाला निघाला. गाव काठापासून आत, म्हणून त्याने आपली सायकल होडीत घेतली.

"बांधून?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"व्हय. पहिल्याच दिवशी एक सायकल पाण्यात पडता पडता वाचली होती. तवापासून डोलकाठीला करकचून बांधल्याशिवाय तो शीड सोडत नव्हता. त्या दिवशी दोरीचं एक टोक मीच धरलं होतं."

तो परत आलाच नाही; तिला दुसऱ्या दिवशी एका लाँचने बेटावरून आणलं. होडी उलटी तरंगताना सापडली. वल्ह्याला रक्त होतं, त्याचं, आणि बोटांचे ठसे होते, हिचे. "मी रोज वल्हवत होते, ठसे माझेच असणार की! पण आदल्या दिवशी काठावर चौकीत जायच्या गोष्टीवरनं आमची बाचाबाची झाली ती लोकांनी ऐकलेली. आता पुष्करचं सांगितलं तर फौजदार म्हणतात, मेलेल्या नवऱ्यावर ढकलतेस व्हय? बाई, मी तुरुंगात गेले तर त्या पोराच्या आईला खरं कोण सांगणार?"

विनोदिनीबाईंनी तिच्या गळ्याकडे बोट केलं. "हे?"

"आत्याबाईंनी, माझ्या सासूनं, काढू दिलं न्हाई. देह सापडला नाही, तरी त्यांनीच घाई करून दर्भाचा पुतळा जाळला. बायका माझं डोरलं काढायला आल्या तर आत्याबाई मधी पडल्या."

"देवमाणूस म्हणायची!" कृष्णातच्या तोंडून निघून गेलं. "नाहीतर आमच्याकडच्या सासवा!"

विनोदिनीबाईंनी गाडीची किल्ली त्याच्यापुढे ठेवली.

*

होडी बामणोलीच्या काठावर पडली होती. राखण करायला नाथाजी होता. त्याच्याच लाँचने ती ओढून आणलेली.

"मी कशाला हात लावला न्हाई," विचारायच्या आधीच तो म्हणाला. "उलटी व्हती, सुलटी केली. बस."

शीड फाटलं होतं. डोलकाठीशेजारच्या खुंटीवर दोरीचं नीट वेटोळं होतं, वर गाठ मारलेली.

"सायकल?" बाईंनी विचारलं.

"ती गेली की तळाला. पाणी काय थोडंथोडकं हाय?"

"आणि ही दोरी कोणी गुंडाळली?"

"तशीच व्हती. म्हनलं न्हवं, मी हात लावला न्हाई!"

"काठावर कुठे सायकल सापडली?"

"पोलिसांनी समदा काठ पालथा घातला. काय बी न्हाई."

परतीच्या वाटेवर कृष्णातने आपलं डोकं चालवलं. "बाई, मला वाटतं पोराला पश्चात्ताप झाला. स्वतःच उडी घेतली बगा त्यानं. वाईट वाटतं वो."

"वल्ह्याला रक्त कुठून आलं मग?"

"आता ते... लागलं असंल कुठं तरी."

"कृष्णात, गाडी कुंडलला घ्या."

*

रेश्माच्या सासूने, विजयमालाबाईंनी, वाड्याच्या पुढच्या सोप्यावरच गाठलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, कपाळ पांढरं. त्या बोलायला लागल्या त्या थांबेचनात.

"त्या अवदसेनं माझं पोर खाल्लं! होडीत नेऊन मारलं! फाशी व्हायला पायजे तिला, फाशी!"

"तरी तिचं डोरलं तुम्ही राखलंत," विनोदिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या.

विजयमालाबाईंनी पदर सावरला. "जमाना बदललाय आता. बाईमाणसाची इटंबना मला बघवत न्हाई."

कृष्णातला गहिवरून आलं. एवढं दुःख, आणि एवढं मन! त्यांनी दिलेला चहा त्याने हात जोडून घेतला.

तेवढ्यात मागच्या दारातून घरगडी आकाराम बाहेर पडला. हातात चार पुडाचा डबा होता. मटणाच्या रश्श्याचा वास सोपाभर घमघमला.

"मळ्यातल्या गड्यांस्नी," विचारायच्या आतच विजयमालाबाई म्हणाल्या. "ती बिचारी कशाला उपाशी ऱ्हातील?"

गाडीत बसल्यावर बाईंनी विचारलं, "चहा कसा होता?"

"फक्कड! लय थोर बाई, खरं सांगतो."

"उद्या फौजदारांना इथेच बोलवा. आणि रेश्माला आणा."

*

फौजदार भाऊसो कंटाळलेल्या चेहऱ्याने सोप्यावर बसले होते. रेश्मा खांबाला टेकून उभी होती. समोर सासू, डोळ्याला पदर लावून.

"मला आज हिला अटक करायची आहे," फौजदार म्हणाले. "काय ते लवकर बोला."

"लवकरच बोलते," विनोदिनीबाई म्हणाल्या. "रेश्मा, तुझा नवरा मेला ना? मग डोरलं काढ."

कृष्णात चपापला. बाईंना झालंय काय? रेश्माने त्यांच्याकडे पाहिलं, मग दोन्ही हात मानेमागे नेले.

"न्हाई!" विजयमालाबाई झेपावल्या. त्यांनी सुनेची मनगटं घट्ट धरली. "हात लावू नगंस! त्याच्या जिवावर बेतंल!"



"कोणाच्या जिवावर?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

विजयमालाबाईंनी सुनेची मनगटं सोडली.

"फौजदारसाहेब, होडी उलटली तेव्हा सायकल डोलकाठीला बांधलेली असती तर होडीबरोबर वर आली असती. दोरी तुटून तळाला गेली म्हणावं, तर दोरी धड आहे. गुंडाळून खुंटीला लावलेली, वर गाठ मारलेली. दोरी खुंटीवर केव्हा जाते? सायकल उतरवून झाल्यावर. म्हणजे ऋषिराज काठाला लागला, सायकल उतरवली, सवयीने दोरी आवरली. मग स्वतःचा हात कापून बायकोच्या वल्ह्याला रक्त लावलं आणि होडी उलटवून ढकलून दिली. काठावर सायकल मिळाली नाही, कारण तिच्यावर बसूनच तो गेला. रेश्मा तर बेटावर अडकली होती."

"पण कशासाठी?" फौजदार ताठ बसले.

"हायवेवर त्याने पुष्करला मारलं, आणि साक्षीदार एकच, त्याची बायको. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. आणि नवऱ्याला मारणाऱ्या बाईवर कोणी विश्वास ठेवत नाही. तुम्ही ठेवलात का?"

फौजदारांनी मान खाली घातली.

"आईला हे ठाऊक होतं. देह मिळाला नाही तर आई महिनोन्‌महिने दाराकडे डोळे लावून बसते. हिने घाईने पुतळा जाळला. सुनेला फाशी मागते आणि तिचंच डोरलं जपते! जमाना बदललाय म्हणते, स्वतःचं कपाळ मात्र पांढरं. खोटं सरण रचायला हात धजला, पण जित्या लेकाच्या नावाचं डोरलं उतरवायला काळीज होईना. आणि सुतकाच्या घरात चुलीवर मटण? आकारामाचा डबा कुणासाठी जातो, मळ्यात जाऊन बघा."

कृष्णात पोलिसांबरोबर स्वतः गेला. मळ्यातल्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ऋषिराज मांडी घालून जेवत होता. डाव्या तळव्याला पट्टी होती. उजव्या हातात मटणाची नळी होती आणि तो ती चोखत होता. दारात खाकी दिसली, तरी आधी त्याने ती चोखून संपवली. कोपऱ्यात सायकल उभी होती.

ज्याच्यासाठी आपण हळहळलो तो हा!  पलटणीत त्याने मेलेली माणसं पाहिली होती, पण असला जिवंत माणूस पाहिला नव्हता.

सोप्यावर आणल्यावर ऋषिराज बायकोलाच म्हणाला, "रेश्मा, ऐक माझं. घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे. तू माझी बायको हाईस."

"पदर पसरते गं," सासू रडत म्हणाली. "वंश बुडंल माझा."

"आणि त्या पुष्करच्या आईचा?" रेश्माने विचारलं.

कृष्णातला पुढचं ऐकवेना. तो मागल्या अंगणात गेला, नळ सोडला आणि खळखळून चूळ भरली. कालचा चहा अजून तोंडात असल्यागत वाटत होतं. देवमाणूस म्हणालो होतो मी हिला! थू! त्याने पुन्हा चूळ भरली.

तो परत आला तेव्हा रेश्माच्या गळ्यात काही नव्हतं. तिने डोरलं सासूच्या ओंजळीत ठेवलं होतं.

"ठेवा, आत्याबाई. तुमीच जपा."

मग खुर्ची ओढून ती फौजदारांसमोर बसली.

"घ्या लिहून. गाडी तो चालवत होता. मी शेजारी बसले होते."