चिकटपट्टीचं टोक

हे खोटं असतं तर मलाच बरं वाटलं असतं.

रचून सांगायला मी कुणी कथेकरी नाही. सेलूत एका शाळेत क्लार्क आहे. दिवसभर दाखले लिहितो आणि एक अक्षर चुकलं की बोलणी खातो. त्यामुळे घडलं तेवढंच लिहितोय. कुणाला पटत नसेल तर नाही पटलं.

तारीख होती एकवीस एप्रिल, सोमवार. वेळ दुपारी अडीचची. जागा गोविंदरावांच्या घरातली मागची लहान खोली.

पण त्याआधीचं सांगायला पाहिजे.

त्या घरात आम्ही चार वर्षं भाड्यानं राहिलो. मी, माझी बायको उत्तरा आणि आमची मुलगी भक्ती. घर देताना गोविंदरावांनी एकच अट घातली होती.

"भिंतीला एक बी खिळा ठोकायचा न्हाई."

"न्हाई ठोकत काका," उत्तरा म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी चिकटपट्टीची सहा बंडलं घेऊन आली.

तिला घर सजवायचं लय येड. प्रत्येक खोलीची थीम वेगळी. बैठकीत जंगल, छतापासून पानांच्या माळा, दारामागं पुठ्ठ्याचा वाघ. स्वयंपाकघरात चहाची टपरी, कागदाची किटली, कागदाचे ग्लास. झोपायच्या खोलीत समुद्र. जुन्या निळ्या साडीचा पडदा आणि त्यावर मासे. समुद्र आम्ही दोघांनीही कधी बघितलेला नव्हता.

मी चिडायचो. "अगं, भाड्याचं घर हाय. उद्या सोडावं लागंल."

"मंग? सोडायच्या घरात जगायचंच न्हाई का?"

मी स्टूल धरून उभा राहायचो.

तिची एक सवय होती. चिकटपट्टी दातानं तोडायची आणि बंडलाचं टोक नखाएवढं आत दुमडून ठेवायची. कारण मला ते टोक कधी सापडायचं नाही. मी नखानं खरवडत बसायचो आणि ती हसायची.

शेवटची राहिली होती भक्तीची खोली. तिथं आभाळ करायचं होतं. एक भिंत पुरी झाली. दुसऱ्या भिंतीवर तीन ढग लागले आणि उत्तराला ताप आला.

डेंग्यू.

परभणीला नेताना ती रिक्षात म्हणाली, "मी आले की राहिलेले ढग लावू. तुमी लावू नका, वाकडे लावताव."

पाचव्या दिवशी ती गेली.

गोविंदराव दवाखान्यात आले. हात जोडून म्हणाले, "हरिओम, राग मानू नका. औंदा पोराचं लग्न करायचंय त्या घरात. दिवस तेवढे गावाकडं करा."

माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी हो म्हणालो. गाडी परभणीहून थेट आमच्या गावी, बोरीला गेली. दिवा तिथं लावला. दहावा तिथं, तेरावा तिथं. जे घर तिनं हातानं सजवलं, तिथं तिच्या नावाचा दिवा एक दिवससुद्धा लागला नाही. ती त्या घरी परत आलीच नाही.

म्हणजे मला तसं वाटलं होतं.

तेराव्यानंतर मी आणि भक्ती सेलूला त्याच घरी परतलो. जानेवारीतला रविवार होता. जेवून मी आडवा झालो होतो. भक्ती शेजारी झोपली होती. मागच्या खोलीतून...

चर्रर्र...

चिकटपट्टी ओढल्याचा आवाज.

मग स्टूल सरकल्याचा.

मी उठून गेलो. कुणी नव्हतं. फक्त स्टूल नेहमीच्या कोपऱ्यात नव्हतं. भिंतीला लागून होतं.

संध्याकाळी भक्तीच्या वहीचं पान फाटलं म्हणून मी चिकटपट्टी घेतली. टोक लगेच हाताला लागलं...

दुमडलेलं होतं.

"तू केलंस का गं?"

"मला येत न्हाई, पप्पा. आईलाच येतंय."

मी त्या खोलीत जाऊन ढग मोजले.

चार होते.

आता खरं सांगतो. मला भीती वाटली नाही. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. रोज सकाळी मी टोक मुद्दाम मोकळं सोडायचो आणि शाळेतून आलो की आधी तेच बघायचो. रोज दुमडलेलं असायचं. मी घरी येऊन जेवायला लागलो होतो.

मार्चमध्ये गोविंदराव आले. लग्नाची तारीख निघाली होती. एप्रिलअखेर घर खाली करा म्हणाले. मी रेल्वे फाटकाच्या पलीकडं एक घर बघितलं आणि बोरीला माझ्या आत्याला फोन करून सगळं सांगितलं.

धुरपताआत्यानं सगळं दोनदा विचारून घेतलं.

"तिला कुणी सांगितलंच न्हाई की रे बाबा," ती म्हणाली. "निघताना त्या खोलीत हुबा ऱ्हा. नाव घेऊन म्हण, उत्तरा, चल, आमी जायलोत. आन् नव्या घराचा उंबरा वलांडंस्तोवर कुणाशी एक शब्द बोलू नको."

एकवीस एप्रिलला टेम्पो भरला. वाघ, किटली, मासे, ढग, सगळं मी आदल्या दिवशीच खरवडून काढलं होतं. भिंती जशा घेतल्या तशा द्यायच्या असतात. अडीच वाजता मी त्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

दारात रंगारी बादलीत रंग कालवत होता. माझ्याकडं बघत होता. गोविंदराव अंगणातून हाक मारत होते.

"उत्तरा, चल." दोनच शब्द म्हणायचे होते.

मला लाज वाटली. रिकाम्या भिंतीशी बोलणारा माणूस कसा दिसेल, याची लाज.

मी न बोलता बाहेर पडलो. मागं आवाज आला...

चर्रर्र...

रंगाऱ्याचंच काहीतरी असेल, असं मनाला सांगून मी टेम्पोत बसलो.

नव्या घरात भिंती बोडक्या होत्या. मी टोक मोकळं सोडून बघितलं. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. तसंच राहिलं. एका दुपारी भक्तीनं विचारलं, "पप्पा, आईला इकडचा पत्ता माहीत हाय का?"

मी मोरीत गेलो, नळ सोडला आणि रडलो.

जूनमध्ये गोविंदरावांचा फोन आला. आवाज खाली होता.

"हरिओम, तुमचं काही सामान राहिलं का वर माळ्यावर? सूनबाई म्हणतेय, रोज दुपारी काहीतरी फाडल्यावानी वाजतंय. आन् भिंतीवर कागदाचा ढग लागलाय."

"किती ढग?"

"एकच हाय."

ती पहिल्यापासून लावायला लागली होती. तिचे लावलेले सगळे मीच काढले होते ना.

मी तसाच शाळेतून निघालो. गोविंदराव आणि त्यांची सून दारात उभे होते. आतून आवाज येत होता, आम्ही तिघांनी ऐकला. या वेळी मी कुणाकडं बघितलं नाही.

"उत्तरा, चल. घर बदललंय आपलं. मी तुला सांगितलं न्हाई, माझं चुकलं. भक्ती वाट बघायलीय."

आवाज...

अर्ध्यात थांबला.

मी बाहेर आलो, स्कूटीवर बसलो, थोडं पुढं सरकून बसलो. मागं जागा सोडली. सावकाश चालवत होतो.

फाटक बंद होतं.

मालगाडी यायची होती. उन्हात दहा-बारा गाड्या उभ्या. शेजारी आमच्या शाळेतले चंद्रभान सर येऊन थांबले.

"काय हरिओम, भर उन्हात कुठं?"

"घरी," मी म्हणालो.

एवढंच. तोंडातून निघून गेलं. इथं माणसानं माणसाला विचारलं की उत्तर द्यायचं असतं, तसं दिलं.

मग आत्याचं बोलणं आठवलं. मालगाडी लय लांब होती.

त्या दिवसापासून गोविंदरावांच्या घरातला आवाज बंद झाला. सून म्हणते, पुन्हा ढग लागला नाही. आत्याला विचारलं तर म्हणाली, "आता मला बी काही सांगता येत न्हाई रे लेकरा."

तिथं ती नाही. आणि इथंही आलेली नाही.

भक्तीच्या खोलीत मी ढग लावलेत. वाकडे आलेत. रोज मधल्या सुट्टीत फाटकापाशी जातो, उघडं असलं तरी थांबतो आणि हळू आवाजात सांगतो, फाटक ओलांडलं की उजव्या हाताला तिसरं घर, निळं दार. लोक बघतात. बघू देत.

चिकटपट्टी फळीवर ठेवलेली असते. शाळेतून आली की भक्ती दप्तर टाकायच्या आधी तेच बघते. मला काही विचारत नाही.

आजही बघितलं. टोक मोकळंच होतं.