फार गोड बोलणारा माणूस

माझा चष्मा माझ्याच वजनाखाली मोडला, तिथून हे सगळं सुरू झालं. वाचनालयातल्या खुर्चीवर तो काढून ठेवला होता आणि मी विचारांच्या नादात... बसले. चाचपडत रस्त्यावर आले, तर समोरच एका पाटीवर दोन मोठे डोळे रंगवलेले. तेवढेच दिसले, म्हणून आत शिरले.

“आपण बसावं,” काउंटरमागून आवाज आला.

“बसलेच होते. म्हणून तर आले.”

तो हसला की नाही, कळायला मार्ग नव्हता. चष्म्याशिवाय मला माणसाचा चेहरा म्हणजे नुसता ढग दिसतो. पण आवाज फार छान होता, आणि बोलणं तर इतकं अदबीचं, की मी आपोआप पाठ ताठ करून बसले.

डोळे तपासताना काचा बदलत तो विचारत होता, “आता बरं, की मघाशी?” मी सवयीने म्हणाले, “बरंचसं.” काच थांबली. मग सांगावं लागलं, की मी दिवसभर लोकांना असलेच पर्याय वाचून दाखवते – अजिबात नाही, थोडंसं, बरंचसं, नेहमी. मी समुपदेशन शिकले आहे आणि त्यातच संशोधन करते. हातून चूक झाली की माणूस स्वतःशी मायेने वागतो की स्वतःलाच झोडपतो, आणि त्यावर त्याच्या मनाचं स्वास्थ्य किती अवलंबून असतं, हा माझा विषय. तोही अल्पसंख्य समाजांतला, मोठ्या शहरात मूठभर असलेल्या माणसांचा.

“आम्ही मूठभरच आहोत,” तो म्हणाला. नेमकी त्याच वेळी योग्य काच डोळ्यासमोर आली आणि मला त्याचा चेहरा दिसला. मी तेव्हाच “नेहमी” म्हणाले असते, पण त्याने काही विचारलंच नव्हतं.

दुकानामागच्या गल्ल्यांत त्याच्या लोकांची वस्ती होती. चार पिढ्या इथेच जन्मलेल्या, भाषाही सगळ्यांचीच, फक्त प्रार्थना वेगळी. तरी शहर त्यांना अजून ‘बाहेरून आलेले’ म्हणे. चष्मेवाल्याने मला त्यांच्या सभागृहात नेलं, ओळख करून दिली आणि सांगितलं, की बाईंना खरं खरं सांगा. नियम मी सगळ्यांसमोर वाचून दाखवले. नावं गुप्त राहतील, मनात येईल तेव्हा बाहेर पडता येईल, आणि फॉर्म भरणाऱ्यांशी मला कामापलीकडे ओळख वाढवता येणार नाही. मग पहिला फॉर्म मी मोठ्या उत्साहाने त्याच्यापुढे धरला.

“क्षमा असावी,” तो म्हणाला, “मी नाही भरणार. बाकी आपण सांगाल ते करेन.”

का, ते सांगेना. आणि नाक खुपसणं हा तर माझा धंदाच. मी घरी जाऊन विचार करकरून डोकं शिणवलं, पण उत्तर मिळालं नाही.

तो मात्र मी सांगेन ते खरोखरच करत होता. खुर्च्या मांडायचा, म्हाताऱ्यांना प्रश्न वाचून दाखवायचा, माझ्यासाठी खिडकीजवळची जागा राखायचा. निघताना दर वेळी विचारायचा, “आपल्याला काही त्रास तर नाही ना झाला?” मी नाही म्हणायचे. झोप उडाली होती, पण तो त्रास मोजायला माझ्याकडे फॉर्म नव्हता.

इकडे भरून आलेल्या फॉर्मांनी वेगळाच घोळ घातला. ‘चूक झाली की मी स्वतःशी जवळच्या माणसासारखा बोलतो’ यापुढे जवळजवळ सगळ्यांनी ‘नेहमी’वर खूण केली होती. आणि ‘चूक झाली की मी स्वतःला वाटेल ते बोलतो’ यापुढेही ‘नेहमी’. माझ्या गाईडबाई म्हणाल्या, लोकांनी डोळे झाकून खुणा केल्यात, हा समाज वगळून टाक. माझं वर्षभराचं काम पाण्यात जाणार होतं. पण त्याहून मला हे पटत नव्हतं, की इतक्या जणांनी एकसारखीच डोळेझाक करावी.

त्या कोड्याचं उत्तर मला चष्मेवाल्याच्या आत्याने दिलं, तेही न विचारता. तिने कामाचं बोलायला म्हणून जेवायला बोलावलं होतं. मी उंबरा ओलांडला तोच ती पुतण्यावर ओरडली, “अरे ए बावळटा, पाहुणी उभी आहे, डोळे काय दुकानात विसरलास?” आणि तो हसला. दात दिसतील असं हसला. इतक्या महिन्यांत मी त्याचे दात पाहिले नव्हते. शेजारीण आली, तिने आत्याला ‘म्हातारे चेटकिणी’ म्हटलं आणि प्रेमाने तिची शाल सारखी केली.

मी हळूच विचारलं, तुम्ही घरात एकमेकांशी असंच बोलता का?

“मग कसं बोलायचं?” आत्या म्हणाली. “गोड बोलणं बाहेरच्यांसाठी, बाई. घर भाड्याने हवं असतं, नोकरी हवी असते, तिथे दिवसभर गोड बोलावंच लागतं. घरी आलं की चपलांबरोबर तेही दाराशी काढून ठेवायचं. ज्याला शिव्या देता येत नाहीत, तो आपला कसला?”

मला तर उठून नाचावंसं वाटलं. दोन्ही ‘नेहमी’ खरे होते. या माणसांनी जवळच्या माणसासारखंच स्वतःशी बोलणं चालवलं होतं – वाटेल ते बोलून. माझ्या प्रश्नालाच माया एका साच्यातली हवी होती.

“आपण अजून थोडं घ्यावं,” शेजारून तो म्हणाला.

मी हातातला घास ताटात ठेवला. आपण. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत, आपण. गोड बोलणं बाहेरच्यांसाठी. म्हणजे मी कोण होते, ते या माणसाने मला दर खेपेला सांगितलं होतं, आणि मला वेडीला ते आवडत होतं. दुसऱ्यांची मनं वाचणारी मी, दिव्याखाली अंधार.

तरी माझी खोड जाईना. मी मुद्दाम चुका करून पाहिल्या. सभागृहात उशिरा गेले. दुकानाच्या आरशावर बोटं उमटवली. एकदा त्याच्या काउंटरवर पाण्याचा ग्लास आडवा केला... आणि वाट पाहत राहिले. फडक्याने पुसत तो म्हणाला, “काही हरकत नाही. आपण मनाला लावून घेऊ नका.”

मी घरी जाऊन रडले. स्वतःला वाटेल ते बोलले आणि दुकानाची पायरी चढायची नाही असं ठरवलं. त्याच आठवड्यात मी पुन्हा चष्म्यावर बसले, पण या खेपेला चिकटपट्टी लावून वेळ भागवली.

काम संपलं. गाईडबाईंनाही माझं म्हणणं पटलं होतं. शेवटच्या दिवशी निष्कर्ष वाचून दाखवायला मी सभागृहात उभी राहिले. बाहेर भुरभुर पाऊस होता, काचा ओल्या, एक काडी पट्टीवर लोंबणारी. कागद नाकाशी धरून वाचताना मी ‘माया’चं ‘माझा’ वाचलं, मग एक ओळ गाळली, मग तीच दोनदा वाचली. खुर्च्या मांडणारा माणूस मध्येच थांबला, तरातरा पुढे आला आणि माझ्या नाकावरचा चष्मा त्याने काढूनच घेतला.

“हे काय करून ठेवलंस? अक्कल गहाण टाकलीस का? चार पावलांवर दुकान आहे माझं आणि तू पट्ट्या लावत फिरतेस? डोळे फुटले असते म्हणजे? आंधळी कुठली!”

मला समोर नुसते ढग दिसत होते, पण सगळे ढग आमच्याकडेच वळलेले होते. इथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, असं कुणाला बोलतात ते. आता मलाही ठाऊक होतं.

“बोलला बाई एकदाचा मूर्ख,” मागून आत्या म्हणाली.

दुकानात आल्यावर तो चष्मा दुरुस्त करायला बसला. काडीचा स्क्रू दोनदा पडला. “माफ करा,” तो म्हणाला, “आपल्याला मी...”

“पुन्हा ‘आपण’ म्हणालास तर याद राख.”

त्याने पडलेला स्क्रू उचलला. मग खाली बघत म्हणाला, “फॉर्म भरणाऱ्यांशी ओळख वाढवता येणार नाही, असं तूच वाचलं होतंस... म्हणून नाही भरला. पुढे मात्र... तुला ‘तू’ म्हणायला धीर होत नव्हता.”

माझे डोळे भरून आले. हे उत्तर सभागृहातल्या पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होतं. त्याने काचा पुसल्या, चष्मा माझ्या नाकावर चढवला, आणि ढगातून त्याचा चेहरा बाहेर आला.

“आता बरं, की मघाशी?”

“आता.”

“थोडंसं, की बरंचसं?”

“गप्प बस, बावळटा,” मी म्हणाले, “आणि स्क्रू नीट आवळ.”

तो हसला. दात दिसतील असं.