दर अर्ध्या तासाने एक फोन

डिसेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भूमिकाने दिवसाचा पहिला फोन उचलला. नागपूरच्या विमानतळामागच्या त्या ऑफिसातून न्यूझीलंडमधल्या भाड्याच्या, आत राहता येईल अशा कॅम्पर गाड्यांची मदतसेवा चालायची. तिकडे दुपारचे एक चाळीस झाले होते.

ऋषिकेश वानखेडे नावाचा माणूस शांतपणे, इंग्रजीत सांगत होता. तळ्याकाठी मुक्काम आहे. गाडीच्या डिझेलच्या टाकीत पाणी गेलंय. साधारण वीस लिटर.

"कोणी भरलं?" फॉर्ममध्ये तसा रकाना होता.

"मी."

तो फोन स्पीकरवर ठेवून बोलत असावा, कारण मागून एका बाईंनी, बहुधा त्याच्या आईने, मराठीत विचारलं, "काय विचारून राहिली ती?… अन् तू खोटं काहून सांगून राहिला रे? मी भरलं. नळ दिसला, पाइप दिसला, गाडीले भोक दिसलं, मले वाटलं पाण्याचंच. उमरेडले नळ आला का आपण थांबतो काय?"

भूमिकाला हसू आवरलं नाही. ते पलीकडे पोचलं.

"तुम्ही… मराठी?"

"नागपूर," ती म्हणाली. "चावी फिरवलीत का?"

"नाही."

"फिरवू नका. आईंनाही सांगा."

"तिला आता चावी दिसूच देत नाही."

गाडी उचलून न्यायला ट्रक यायचा होता, तीन तासांनी. तोवर दर अर्ध्या तासाने फोन करून ग्राहकाची खुशाली विचारायची, असा नियम. नावापलीकडे स्वतःबद्दल काही सांगायचं नाही, ग्राहकाचा नंबर उतरवून घ्यायचा नाही, हाही नियमच. प्रत्येक कॉल रेकॉर्ड व्हायचा, आणि केस बंद झाली की नंबर स्क्रीनवरून जायचा. भूमिका नोकरीत नवी होती; तिचा परीक्षाकाळ संपायला बारा दिवस उरले होते.

सहा चाळीसला तिने विचारलं, "सगळं ठीक?"

"आई शेजारच्या तंबूतल्या जर्मन बाईला भाकरी शिकवून राहिली."

"जमतेय?"

"बाईला जमून राहिली. आईला इंग्रजी नाही जमून राहिलं."

सात दहाला तो म्हणाला, "मी तुमच्या शेजारीच, हिंगण्याला, कारखान्यात डिझेल इंजिनं तपासतो. हसा."

"मी हसत नाहीये."

"ऐकू येऊन राहिलं."

"मग 'मी भरलं' का म्हणालात?"

"तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं आईनं. रिटायर झाल्यावर पहिल्यांदा एवढ्या लांब निघाली. तिच्या नावावर चूक लिहिली असती, तर उरलेले दिवस तिनं गाडीला हात लावला नसता."

पुढचा फोन सात चाळीसला होता. सात एकतीसपासून भूमिकाचं लक्ष घड्याळाकडे होतं.

"तळ्याचा रंग कसा आहे?" तिने विचारलं. असा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.

तो तळ्याकडे वळला असावा. फोनमध्ये वारा घोंगावत होता. "मघाशी निळा होता. आता ढग आलेत, तर… पारव्याच्या मानेसारखा."

आठ दहा झाले, आठ चाळीस झाले. दोन्ही फोन जरा लांबले. नऊ दहाला, खुशालीच्या सहाव्या फोनवर, तो म्हणाला, "ट्रक दिसून राहिला."

"मग केस बंद होईल."

"तुमचा नंबर…"

"देता येत नाही."

"पुन्हा फोन केला तर?"

"जो मोकळा असेल तो उचलेल. चाळीस जण आहोत."

"तुमच्या नावानं तक्रार केली, तर उत्तर तुम्हीच द्याल?"

"हो, लेखी. पण ती माझ्या परीक्षाकाळात मोजली जाईल."

"मग नाही करत," तो लगेच म्हणाला.

ट्रकचा आवाज जवळ आला. भूमिकाने पाण्याचा घोट घेतला.

"रविवारी सकाळी सातला मी त्रिमूर्तीनगरच्या बागेत चालायला जाते," ती एका दमात, सूचना वाचावी तसं म्हणाली. "दर रविवारी."

केस बंद करताना शेवटचा प्रश्न आला : ग्राहकाला वैयक्तिक माहिती दिली का? तिने 'होय'वर खूण केली.

दुपारी करिष्माने, तिच्या सुपरवायझरने, रेकॉर्डिंग ऐकलं. "खूण केली नसतीस, तर मी हे ऐकलंही नसतं."

"माहीत आहे."

"परीक्षाकाळ तीन महिने वाढतो."

"बरं."

करिष्माने सही केली, पेन खाली ठेवलं. "तो परत कधी येतोय?"

"ते… विचारायचं राहिलं."

पहिला रविवार गेला. दुसराही. दोन्ही दिवशी ती चार फेऱ्या जास्त चालली. तिसऱ्या रविवारी बागेच्या फाटकाशी एक उंच माणूस येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत होता आणि लगेच नजर खाली घालत होता.

"असं बघत राहिलात, तर वॉचमन हटकेल," ती त्याच्याजवळ जाऊन म्हणाली.

त्याने आवाज ओळखला. फोनवर फारसा न अडखळलेला माणूस आता फाटकाची कडी वरखाली करत होता.

"बोला ना."

"विमानात सगळं ठरवलं होतं. परवाच उतरलो. आता… सुचून नाही राहिलं." त्याने कडी सोडली. "मले तुम्ही आवडता. चेहरा न पाहताच आवडल्या होत्या."

"आणि आता पाहिल्यावर?"

"आता तर बोलताही येऊन नाही राहिलं."

भूमिकाने ओढणी नीट केली, तिचे कान तापले होते. "मी तीन रविवारांपासून वाट पाहून राहिली," ती म्हणाली. "आणि मले 'तुम्ही' नको म्हणू."