मध्ये ऋण, बाहेर धन

“नऊ व्होल्ट. पिन फिट. मामला खतम,” असं म्हणत पप्पांनी करोल बागेतून आणलेलं खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं. “परवा बुद्धपौर्णिमा. सगळे जमले की बाबांसमोर कॉम्प्युटर चालू करू. तोवर याला कुणी हात लावायचा नाही. लुंबिनी, धम्मदीप, ऐकलंत?”

लुंबिनीने मान डोलावली. दहा वर्षांच्या धम्मदीपला ते जमलं नाही, कारण त्याचं डोकं तोवर खोक्यात गेलं होतं. आत काळा अडॅप्टर होता, त्याची लांब वायर होती, आणि वायरच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी गोल पिन.

तेवढ्यात खिडकीजवळच्या पलंगावरून आवाज आला. “म… मध्ये ऋण. बा… बाहेर धन.”

पप्पांचा चेहरा उतरला. “पुन्हा तेच कर्ज,” ते पुटपुटले.

पलंगावर भाऊराव आजोबा होते. भंडाऱ्याहून दिल्लीत येऊन त्यांनी सारी नोकरी एका सरकारी प्रयोगशाळेत यंत्रं दुरुस्त करण्यात घालवली. बोलायची त्यांना भारी हौस. दूधवाला असो, डॉक्टर असो, समोरचा माणूस दहा मिनिटं तरी सुटायचा नाही. “जरा गप्प बसा हो,” हे कौसल्या आजीचं दिवसातलं सगळ्यात लाडकं वाक्य होतं. आणि गेल्या महिन्यात अर्धांगवायूचा झटका आला न् आजोबा खरंच गप्प झाले. डॉक्टर म्हणाले, डोकं अगदी शाबूत आहे, फक्त जीभ ऐकत नाही. उजवा हातही ऐकत नव्हता. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर नुसते कोंबडीचे पाय उमटायचे. मोबाईल दिला तर थरथरतं बोट एकदम तीन अक्षरांवर पडायचं. शेवटी त्यांनी मोबाईल बाजूला सारला आणि पुन्हा कधी मागितला नाही. आजी आता बिनसाखरेचा चहा आणून द्यायची, “चांगला झालाय ना?” विचारायची, आणि उत्तर येत नाही म्हणून स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. घरात कुणालाच ते बघवत नव्हतं.

आजोबांच्या तोंडून जे चार-दोन शब्द नीट यायचे, त्यातच हे वाक्य होतं. ऋण म्हणजे कर्ज, धन म्हणजे पैसा. मोठ्यांनी झटकन ठरवून टाकलं, की आजोबांनी कुणाकडून तरी गुपचूप कर्ज घेतलंय. पप्पांनी बँकेत चौकशी केली. काही नव्हतं. “बाबा, कसलंही कर्ज नाहीये, निश्चिंत राहा,” पप्पांनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. आजोबांनी डोळे मिटून घेतले.

मग ते डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायला लागले. “अंगठी,” आजी म्हणाली. “माझी अंगठी गहाण पडली असं वाटतंय त्यांना.” तिने कपाट उघडून अंगठी काढून दाखवली. आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

एकच गोष्ट ते अगदी स्पष्ट मागायचे. डावा हात वर करून कपाटाकडे दाखवायचे. कपाटावर त्यांचा जुना कॉम्प्युटर होता. पप्पा शाळेत असताना घेतलेला. नुसता एक जाडजूड कीबोर्ड, कॉम्प्युटर त्याच्या पोटातच. टीव्हीला जोडला की चालायचा. त्याची बटणं खोडरबरासारखी मोठी आणि मऊ होती. आजोबा आजारी पडायच्या थोडेच दिवस आधी त्याचा जुना अडॅप्टर गुणगुणायला लागला, जळका वास आला आणि तो बंद पडला. पप्पांनी तो रद्दीच्या गठ्ठ्याबरोबर कबाड्याला देऊन टाकला. आता असा कॉम्प्युटर शोधूनही मिळाला नसता. होता तोच जपायचा होता.

दुसऱ्या दिवशी मोठे कामात असताना लुंबिनी धम्मदीपला म्हणाली, “एक गंमत लक्षात आली का तुझ्या? बँकेचं नाव काढलं तर आजोबा काहीच बोलत नाहीत. ते वाक्य कधी येतं सांग.”

“कधी?”

“नवा अडॅप्टर आणायचं बोलणं निघालं की. पप्पांनी खोकं आणलं तेव्हा. आईने टेबल पुसताना ते उचललं, तेव्हाही. चल, टेस्ट करू.”

धम्मदीपने आजोबांसमोर आधी पासबुक धरलं. आजोबा पंख्याकडे बघत राहिले. मग आजीची अंगठी. आजोबांनी जांभई दिली. मग लुंबिनीने खोकं नुसतं पुढे केलं, आणि आजोबा उशीवरून उठायलाच लागले. “मध्ये ऋण,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. बोटांचा गोल झाला. डोळे लुंबिनीवर रोखलेले. “बाहेर… बाहेर धन.”

“हो आजोबा, पण म्हणजे काय?” लुंबिनीने विचारलं. आजोबांचे ओठ हलले, गळ्यातून एक अर्धवट आवाज आला आणि तिथेच अडकला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लुंबिनीने घाईघाईने खोकं खाली ठेवलं. आपण त्यांना उगाच छळतोय असं तिला वाटायला लागलं.

संध्याकाळी पप्पांच्या फॅक्टरीची बस मानेसरहून आली. लुंबिनीने त्यांना दारातच गाठलं. “पप्पा, आजोबांचं वाक्य कर्जाचं नाहीये. ते अडॅप्टरबद्दल काहीतरी सांगतायत.”

“अडॅप्टरचं कसलं आलंय ऋण? बेटा, थकलोय यार. उद्या बोलू.”

आईला सांगायला गेली तर आई खिरीसाठी दूध मोजत होती. आजीला सांगितलं तर आजी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “त्यांना काय सांगायचंय ते मलाच कळत नाही, तर तुम्हाला काय कळणार गं?”

“बिल्कुल कुणी ऐकत नाही आपलं,” धम्मदीप म्हणाला.

“ऐकलं तरी काय सांगणार?” लुंबिनी म्हणाली. “आपल्यालाच कुठे माहितीये?”

पौर्णिमेच्या सकाळी भंडाऱ्याहून आत्या आली, आणि तिच्याबरोबर तिची मुलगी रोशनी. रोशनी अकरा वर्षांची, मराठी शाळेत शिकणारी. ती ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणाली की धम्मदीप हसायचा, आणि तो ‘मेरेको’ म्हणाला की ती. आल्याआल्या लुंबिनीने तिला सगळं सांगितलं. “आजोबा सारखं कर्ज कर्ज म्हणतात, आणि तेही अडॅप्टर बघून.” रोशनीलाही त्याचा उलगडा होईना.

दुपारी घर भरलं. बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, खिरीच्या वाट्या फिरल्या. आजोबांच्या ऑफिसातले दोन जुने मित्र आले होते. माळ्यावरचा जुना डबा टीव्ही खाली आला, त्याच्यापुढे कॉम्प्युटर मांडला गेला. रोशनी पलंगावर बसून आजोबांना चमच्याने खीर भरवत होती. पप्पांनी खोक्यातून अडॅप्टर बाहेर काढला मात्र, आजोबांनी डाव्या हाताने चमचा उडवला.

“मध्ये ऋण! बाहेर धन!”

“बाबा, कर्जाचं आपण नंतर बघू,” पप्पा लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले. “आज आनंदाचा दिवस आहे ना?”

रोशनी सांडलेली खीर तशीच टाकून लुंबिनीकडे आली. “तू तर म्हणालीस ते कर्ज म्हणतात.”

“मग?”

“कर्ज कुठं? ते ऋण म्हणतात.”

“एकच ना यार दोन्ही.”

“एक काहून? ऋण म्हणजे वजा. धन संख्या, ऋण संख्या. तुमच्या गणितात नसतात का?”

“आमच्या गणितात निगेटिव्ह नंबर असतात,” धम्मदीप म्हणाला आणि एकदम थांबला.

मग लुंबिनी अगदी हळू म्हणाली, “मध्ये निगेटिव्ह. बाहेर पॉझिटिव्ह.”

“बॅटरीसारखं,” धम्मदीप म्हणाला.

“आणि तो गोल म्हणजे अंगठी नाही. पिन आहे.”

टेबलावर अडॅप्टरची वायर लोंबत होती. लुंबिनीने वाकून बघितलं. पिन वायरला कायमची जोडलेली नव्हती. ती वायरच्या टोकावर खोचलेली होती, काढून फिरवून बसवता येईल अशी. वायरच्या टोकावर लिहिलं होतं, पिन या बाजूने खोचली तर मध्ये अधिक, त्या बाजूने खोचली तर मध्ये वजा. आत्ता ती अधिकच्या बाजूने खोचलेली होती. बरोबर उलटी.

“पप्पा, थांबा. पिन उलटी आहे.”

“पिन उलटी कशी असेल? बसतेय ना?”

“पप्पा, आजोबा तेच सांगतायत. मध्ये वजा पाहिजे.”

“लुंबिनी, मी फॅक्टरीत रोज पार्ट तपासतो. दुकानदाराला विचारून आणलंय. नऊ व्होल्ट म्हणजे नऊ व्होल्ट.” पाहुणे हसले. पप्पाही हसले. त्यांनी पिन कॉम्प्युटरमध्ये खुपसली आणि अडॅप्टर भिंतीवरच्या बोर्डात लावायला निघाले.

“मामा, ऐका ना,” रोशनी म्हणाली.

“चलो, बच्चे लोग, मागे व्हा.”

लुंबिनीने आजोबांकडे बघितलं. सगळी खोली टीव्हीकडे बघत होती, आजोबा एकटे तिच्याकडे. त्यांना सगळं कळत होतं आणि काहीही करता येत नव्हतं. आज तिलाही सगळं कळत होतं आणि काहीही करता येत नव्हतं. पप्पांचं बोट बटणावर गेलं.

पंखा बंद पडला. टीव्ही मेला. फ्रिजची घरघर थांबली.

“लाईट गेली,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मे महिन्यात दिल्लीत लाईट गेली की माणूस आधी शेजाऱ्यांची गेलीय का ते बघतो. गेली असली तर तेवढाच जिवाला दिलासा. द्वारकेतल्या त्या फ्लॅटमधले सगळे मोठे उठून बाल्कनीत गेले.

“धम्मदीप कुठाय?” रोशनीने विचारलं.

“विचारू नकोस,” लुंबिनी म्हणाली. ‘आधी बटण बंद, मग हात,’ हे आजोबांनी तिला चालता येत नव्हतं तेव्हापासून शिकवलं होतं. तिने बटण बंद केलं, अडॅप्टर भिंतीतून काढला, मग वायर कॉम्प्युटरमधून. पिन घट्ट बसली होती. घामेजलेली बोटं नुसती सटकत होती. रोशनीने ओढणीच्या टोकात पिन धरली, लुंबिनीने वायर धरली, दोघींनी दात-ओठ खाऊन ओढलं आणि ती सुटली. लुंबिनीने ती फिरवून दुसऱ्या बाजूने खोचली आणि पलंगाशी नेली.

“मध्ये ऋण, बाहेर धन. आता बरोबर?”

आजोबांनी चष्म्यातून पिन बघितली, वायरवरची खूण बघितली. मग त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की जणू महिनाभर तो धरूनच ठेवला होता.

“सगळ्यांची आहे, आपलीच कशी गेली?” म्हणत पप्पा आत आले. पॅसेजमध्ये धम्मदीप स्टुलावर उभा होता आणि त्याच्या डोक्यावरचा मेन स्विच खाली ओढलेला होता. पप्पांना समजायला वेळ लागला नाही.

“ही काय पद्धत झाली? घरात पाहुणे आहेत,” त्यांचा आवाज चढला.

लुंबिनी मध्ये आली. तिने पिन पुढे धरली, पण बोलायला तोंड उघडलं तर रडूच फुटलं. तेव्हा मागून आजोबा बोलले. सावकाश, एकेक शब्द ओढून काढत. “मध्ये… ऋण. बाहेर… धन.” आणि डाव्या हाताचं बोट त्या पिनेवर रोखलं.

आजोबांच्या एका मित्राने कपाळावर हात मारला. “अरे समाधान,” तो पप्पांना म्हणाला, “ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांना भाऊराव हेच घोकायला लावायचा! काही जुन्या मशीनना पिनेच्या मध्ये ऋण लागतं. तू तसाच लावला असतास तर आतलं सगळं क्षणात जळलं असतं.”

पप्पांनी पिन हातात घेऊन वायरवरच्या खुणेशी ताडून बघितली. मग स्वतः जाऊन मेन स्विच वर केला, आणि अडॅप्टर लुंबिनीच्या हातात दिला. “तूच लाव.”

टीव्ही खरखरला. पडदा पांढरा झाला आणि कोपऱ्यात एक छोटा काळा चौकोन लुकलुकायला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी मात्र हात पुढे केला. त्यांना तो कीबोर्ड मांडीवर हवा होता.

मुलांनी मांडीवर उशी ठेवली, तिच्यावर कॉम्प्युटर. आजोबांचं थरथरतं बोट एका बटणावर आलं. बटण मोठं होतं. बोट निसटलं नाही. पडद्यावर के उमटला. मग ए. मग आर. मुलं एकेक अक्षर मोठ्याने वाचत होती. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द जुळले.

“कर्ज नाही,” रोशनीने वाचलं.

कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. त्याने पीं केलं आणि खाली इंग्रजीत चूक झाल्याचा शेरा मारला. पण घरातल्या सगळ्यांना समजलं होतं. महिनाभर कपाटाकडे हात करून आजोबा हेच मागत होते, बोलायला मोठी बटणं. पप्पा पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांना लहान मुलासारखं रडू आलं. “बाबा, तुम्ही सांगत होतात आणि मी…” त्यांनी तिन्ही मुलांना एकदमच जवळ ओढलं. “शाबास रे पोरांनो. माझं ऐकलं नाहीत, फार बरं केलंत.”

“रोशनीदीदी, मेरेको पण ते धन-ऋण शिकव,” धम्मदीप म्हणाला. या वेळी रोशनी हसली नाही.

बोट पुन्हा चालायला लागलं होतं. मधूनमधून थांबत होतं, दमत होतं, पण चालत होतं. चहा, मुलांनी वाचलं. मग बऱ्याच वेळाने, साखर.

आजीने डोळे पुसले. ती खुर्ची ओढून पलंगाशी बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

“बोला,” ती म्हणाली. “आता हवं तेवढं बोला.”