पोपटी नाकाची चार विमानं

सगळा घोळ प्रणवमुळे झाला, असं मी अजूनही म्हणतो.

प्रणव बँकेत नोकरी करतो आणि मी सदतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालोय. दर रविवारी दुपारी माझ्या गिरीज गावातल्या घरी आम्ही विमानांची लढाई खेळतो. जेवणाच्या टेबलावर समुद्र म्हणून निळं कापड, त्यावर एकेक इंचाचे चौकोन, पूर्वेच्या कडेला मी रंगवलेला तपकिरी किनारा, आणि चौकोनांतून सरकणारी नखाएवढी शिशाची विमानं. प्रत्येक प्रकाराचा वेग वेगळा, नियम वेगळे. पण टेबलाच्या पलीकडून हंटर काय, मिग काय आणि नॅट काय, सगळ्या माश्याच दिसतात. प्रणवने तीन रविवार माझे नॅट भलतेच समजून पाडले आणि वर माझ्याशीच हुज्जत घातली.

मग मी ब्रश काढला. खऱ्या विमानांचे रंग गेले खड्ड्यात. प्रकार लांबून ओळखता आला की झालं. हंटरचं नाक लाल, मिगचं पिवळं. नॅट चार होते, त्यांच्यासाठी दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी पोपटी नाक आणि त्यामागे दोन पांढरे पट्टे. चारही अशी एकसारखी उतरली की मीच माझी पाठ थोपटली.

प्रणव दोन आठवडे ट्रेनिंगला गेला आणि रिटा, माझी बायको, लेकीकडे पुण्याला. त्यामुळे अर्धा डाव तसाच मांडलेला राहिला. टेबल आवरा म्हणायला घरात कोणी नव्हतं.

मंगळवारी लूर्डस आली. ती पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, वीस वर्षं आमच्याकडे मासळी आणते. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा पास्कल आणखी तिघांबरोबर बोट घेऊन गेला तो गेलाच. ना बोट सापडली, ना माणसं. सासरच्यांनी या महिन्याच्या शेवटच्या रविवारी पास्कलसाठी मृताची मिस्सा, म्हणजे तो गेला असं मानून चर्चमध्ये करायची प्रार्थना, ठरवली होती. लूर्डस हो म्हणत नव्हती आणि तिला नाहीही म्हणवत नव्हतं.

पाणी प्यायला आत आली ती टेबलापाशीच थांबली.

"सर, हा पट्टा तुमाला कोनी दाखवला?"

"कोणी नाही. माझ्या मनाने केला."

"आमच्या बोटीचा हाय."

तिने सांगितलं, बंदरावर प्रत्येक घराच्या बोटीचा रंग ठरलेला असतो. बोट परतताना बायका लांबूनच ओळखतात, आपली कुठली. आणि जी बोट येत नाही, तिचा पट्टा पुन्हा कोणी रंगवत नाही.

मी म्हटलं, कधीतरी पाहिला असेल, हाताने लक्षात ठेवला. पण पाचूबंदरला मी उभ्या आयुष्यात दोनदा गेलोय, तेही लग्नाला.

बुधवारी सकाळी चारही नॅट एक चौकोन पूर्वेला सरकले होते.

मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. प्रत्येक विमानाच्या बैठकीभोवती पेन्सिलने रेघ मारली. गुरुवारी रेघा रिकाम्या होत्या. स्टीलची पट्टी लावून मोजलं, बरोबर एक इंच. लाल आणि पिवळी नाकं जागच्या जागी. खोटं कशाला बोलू, भीती वाटली नाही. मजा वाटत होती. सकाळी उठल्याउठल्या चहाच्या आधी मी पट्टी घेऊन टेबलाशी जायचो.

गुरुवारी मी सांगितल्यावर लूर्डसने किनाऱ्यापर्यंतचे चौकोन बोटाने मोजले. "अजून आठ दिवस," ती म्हणाली.

"यातून काही अर्थ काढू नकोस हां."

"मी काय बोलले काय?"

पण त्यानंतर ती रोज यायची. टोपली पायरीवर ठेवायची, टेबलाशी उभी राहायची, मोजायची आणि जायची. तिचा चेहरा दिवसेंदिवस उजळत होता.

सहाव्या दिवशी चारांतलं एक थांबलं. किनारा चार चौकोन राहिला होता. तिघं पुढे गेली.

किनाऱ्याला एकच चौकोन उरला त्या दिवशी लूर्डसने विचारलं, "यातला पास्कल कोनता?"

"सगळी सारखीच रंगवलीत मी."

"बोटीचं बी तसंच. पट्ट्यावरनं बोट कळते. आत कोन हाय, ते किनाऱ्याला लागल्यावर." मग हळूच म्हणाली, "सर, एकाला खूण करा. पास्कलची."

चारांतलं कुठलं, हे ओळखायची सोय मी केलीच नव्हती. मी ब्रश लाल रंगात बुडवला. मागे राहिलेल्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. पुढच्या तिघांतल्या मधल्यावर ठिपका दिला. दुसरं काही करणं माझ्याने झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं किनाऱ्याला लागली होती. तिघांवरही ठिपका नव्हता.

तो मागच्यावर होता.

मी भिंग लावून पाहिलं. ठिपका माझाच, डावीकडे जरा ओघळलेला.

दहा वाजता लूर्डस येणार होती. पावणेदहाला मी ते विमान उचललं आणि किनाऱ्यावर तिघांशेजारी ठेवलं.

ती आली. लाल ठिपका पाहिला. कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली आणि पदर तोंडाला लावून रडली.

"फादरना सांगून येते. मिस्सा नको."

तिला थांबवायला हवं होतं. मी तिला फाटकापर्यंत सोडून परत आलो.

बाकीच्या तिन्ही विमानांची नाकं पश्चिमेला वळली होती.

दुसऱ्या दिवशी मोजलं. एक इंच मागे. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी एक.

मी ठिपक्याचं विमान त्याच्या जुन्या चौकोनात परत ठेवलं. सकाळी ते पुन्हा किनाऱ्यावरच होतं, मी ठेवलं होतं तिथे. पुन्हा नेलं. पुन्हा तेच.

शेवटचा रविवार मिस्सेविना गेला. लूर्डस आता मासळी घेऊन येत नाही. ॲंजेला, तिची नणंद, येते. ती सांगते, लूर्डस पास्कलचा धुतलेला शर्ट मांडीवर घेऊन रोज बंदरावर बसते. तिला खरं सांगायला मी दोनदा निघालो आणि दोनदा फाटकातून परत आलो.

मी चौथं विमान जिथून उचललं त्या चौकोनापाशी तिघं जण पोचलेत. तिथून पुढे सरकत नाहीत. फक्त रोज सकाळी त्यांची तीन नाकं काही शोधत असल्यासारखी तीन वेगळ्या दिशांना असतात.