चार जास्तीची माणसं

ग्रीनलंडच्या राजधानीत, नूकमध्ये, तुकुमेकच्या खाजगी चौकशीच्या कचेरीत आवियाया येऊन बसली, पण हातमोजे काढायचं तिला सुचलं नाही.

"ताई, मी मेलेली माणसं जिवंत केली म्हणतात."

आवियाया कोपनहेगनमध्ये वाढलेली, यंदाच इकडे आलेली. जनगणनेचे अर्ज ती फोनवरून भरून घेई. उत्तरेच्या एका वस्तीतल्या चार विधवांनी घरात दोघं सांगितली होती. दुसरं नाव मेलेल्या नवऱ्याचं. डेन्मार्कने ठरवलेल्या तक्त्यात हे आकडे भरले गेले, आणि त्या वस्तीत एकटी म्हातारी एकही उरली नाही. मग एकट्या म्हाताऱ्यांसाठी आठवड्याला येणारी सरकारी मदतनीस तरी कशाला? ती बंद होणार होती. आवियायाची नोकरीही जाणार होती.

"खोटं लिहिलंस?" योर्गेनने विचारलं. तुकुमेकचा हा डॅनिश सोबती सगळं सरळच विचारी.

"आज्यांनी सांगितलं तेच लिहिलं."

तुकुमेकने अर्ज चाळले. वस्तीची बेरीज नोंदवहीपेक्षा चारने जास्त. नवऱ्यांच्या नावांपुढे वयं दोन, पाच, एक, तीन.

"लबाडी करायची तर वयं तरी धड लिहावीत!" योर्गेन हसला.

तुकुमेक हसली नाही. "उद्याची बोट पकडू."

वस्तीतला दुकानदार म्हणाला, "हान्सिनेआजी? एकटीपुरतं सामान नेते. शनिवारी तेवढी बाळबिस्किटं. म्हाताऱ्याला आवडतात म्हणे!"

आजीच्या भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, दाढीवाल्या एनोकचा फोटो होता. खाली मृत्यूची तारीख, दोन वर्षांपूर्वीची. टेबलावर दोन कप. एवढ्यात शेजारचं पोर डुगडुगत आत आलं. आजी लगबगीने उठली.

"आलात? होडी नीट बांधलीत ना? की मागच्यासारखी गेली वाहून?"

योर्गेनला हसू आवरेना. तुकुमेकने त्याला बाहेर नेलं.

"त्या पोराचं नाव विचार."

विचारून तो परतला, तेव्हा हसू मावळलं होतं. "एनोक."

"आमच्यात माणूस गेलं की पुढच्या बाळाला त्याचं नाव देतात. नाव आलं की माणूस आलं. हा एनोक दोन वर्षांचा, म्हणून अर्जात वय दोन. बिस्किटं त्याचीच. चारही मुलं आईबापांच्या अर्जात आहेतच. आज्यांनी पुन्हा मोजली, म्हणून चार जास्त. खोटं कुणीच बोललं नाही, योर्गेन. डेन्मार्कच्या तक्त्यात या सोबतीला रकाना नाही, एवढंच."

आवियाया सुटली. मदतनीस चालू राहायची तर मात्र अर्जात 'घरात एक' अशी दुरुस्ती करायला हवी होती. बाकीच्या तिघींनी मुकाट सह्या केल्या. हान्सिनेआजीच्या मांडीवर एनोक झोपला होता.

"आजी, दिवेलागणीनंतर हा कुठे असतो?"

"आईकडे." आजी खिडकीकडे बघत राहिली. "जेवायलाही थांबत नाही."

तुकुमेकने पेन पुढे केलं नाही. वाट पाहिली.

आजीने पोराच्या कानावर तळहात ठेवला.

"लिही, एक," ती पुटपुटली. "पण हळू बोल. त्यांना ऐकू जाईल."