कारागीर अज्ञात

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल त्याने सुरतला, लिंबायतमध्ये माझ्या खोलीवर यावं. शिपाई दाखवीन. तो गिलासही दाखवीन.

गेल्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. दुपारचे साडेबारा. बाहेर डोळे दिपतील असं ऊन.

अशा वेळी भलतंसलतं काही होत नाही, असं मीही मानत होतो.

मी निवृत्त शिक्षक. राघो मास्तर म्हणतात मला. दर रविवारी गल्लीतली पोरं माझ्याकडे शिपाई बनवायला येतात. यंत्रमागाच्या तुटक्या तारेचा सांगाडा, त्यावर कागदाचा लगदा, डोक्याला सुताचा फेटा. शिकवायला माझ्या जोडीला शेजारचा निंबा असायचा. बारा तास लूम चालवून यायचा, तरी ब्रश धरला की हात हलायचा नाही.

चेहरा तो सर्वांत शेवटी रंगवायचा. ब्रश धुतला की स्टीलच्या गिलासाच्या काठावर तीनदा आपटायचा.

टिंग. टिंग. टिंग.

"डोळे दिले की तो बघायला लागतो," असं पोरांना सांगायचा. "मग त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही."

संक्रांतीनंतर निंबा गेला. मागावर उभ्या उभ्या छातीत कळ आली.

मागे सतरा शिपाई राहिले. सोळा त्याचे, पूर्ण झालेले. सतरावा त्याच्या पोरीचा, पल्लवीचा. दहा वर्षांची पोर, तिचा पहिलाच शिपाई. चेहरा तेवढा बाकी होता. पुढच्या रविवारी बाप-लेक मिळून तो करणार होते.

आता चूक सांगतो. ती माझी आहे.

गजेंद्र माझा जुना विद्यार्थी. सुरतजवळ कडोदऱ्याला त्याचा कापडाचा कारखाना आहे. त्याला खेळण्यातले शिपाई जमवण्याचा नाद. चावीचे, शिशाचे, प्लास्टिकचे, मूळ खोक्यासकट. जमवणं वाईट नाही. एकाने केलेलं दुसऱ्याने जपावं लागतं, हे मी पोरांनाही सांगतो. म्हणून तेराव्याला मीच त्याला निंबाच्या घरी नेलं.

"कपाटात निंबाभाऊंचं नाव लावून ठेवतो," तो म्हणाला.

निंबाची बायको सरलाबाई माझ्याकडे बघू लागली.

मी म्हणालो, "द्या. तो जपेल."

त्याने सतराच्या सतरा नेले. मला वाटलं, पोरीचा तो ठेवून जाईल.

पुढे महिनाभर पल्लवी एकच विचारायची. "मास्तर, माझ्या शिपायाचा चेहरा कधी करायचा?"

शेवटी तिला घेऊन कडोदऱ्याला गेलो. काचेचं कपाट. कुलूप. आत निंबाचे शिपाई ओळीने उभे. खाली छापील चिठ्ठी होती.

'लोककला, सुरत. कारागीर अज्ञात.'

"अज्ञात?" मी विचारलं. "त्याच्या तेराव्याला जेवलास ना तू?"

तो हसला. "मास्तर, नाव लिहिलं की वस्तू कालची वाटते. अज्ञात लिहिलं की जुनी वाटते. बघायला येणाऱ्यांना असंच आवडतं."

"पोरीचा शिपाई दे. तिला चेहरा करायचाय."

"नाही जमणार. अधुरा आहे म्हणूनच तो खास आहे. हात लागला की संपलं." मग त्याने खणातून प्लास्टिकच्या शिपायांचं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. "ले बेटा. आ तो तैयार छे." हे तर तयारच आहेत, म्हणे.

पल्लवीने ते पाकीट उतरताना जिन्यात ठेवलं.

चाळीस वर्षांच्या नोकरीत मी पोरांवर छडी उगारली नाही. त्या दिवशी या थोराड विद्यार्थ्यासाठी हात शिवशिवत होते.

मग आखाजी आली.

आमच्या खान्देशात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. निंबाची ही पहिलीच घागर. सरलाबाईने मला जेवायला बोलावलं होतं. पल्लवीने घागरीशेजारी बापाचा गिलास ठेवला, घासून लख्ख केलेला. त्यात पाणी मी ओतलं. ब्रश मी ठेवला. कोरडा, स्वच्छ ब्रश.

ताटं वाढून झाली आणि लाईट गेली.

गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. ती खडखड आम्हाला ऐकूच येत नाही इतकी सवयीची आहे. ती थांबली की मात्र कानात दडे बसतात.

त्या शांततेत...

टिंग.

सरलाबाईचा हात ताटावरच थांबला.

टिंग. टिंग.

गिलासाजवळ कोणी नव्हतं. ब्रश काठाला टेकून उभा होता. हलत नव्हता.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "तुम्हले आयकू उनं का?"

मी मान हलवली.

"पाणी बघा," पल्लवी म्हणाली.

पाण्यात काळा रंग उतरत होता. धाग्यासारखा... सावकाश... मग तांबूस. मग पुन्हा तीन ठोके आणि पुन्हा काळा.

आम्ही दोघं थिजलो होतो. पल्लवी बोटांवर मोजत होती.

सोळा वेळा.

मग थांबलं. लाईट आली. माग सुरू झाले. आणि माझा फोन वाजला.

गजेंद्र होता. "मास्तर, माझ्या कपाटाची चावी कोणाला दिली होती का तुम्ही?"

"माझ्याकडे कुठून येणार तुझी चावी?"

"मग हे कोणी..." त्याचा आवाज चिरका झाला. "चेहरेच नाहीत. निंबाभाऊंच्या एकाही शिपायाला चेहरा नाही."

"आणि तुझे विकतचे?"

"ते जसेच्या तसे."

संध्याकाळच्या आत तो खोकं घेऊन आला. कुलूप शाबूत होतं म्हणाला, काचेवर ओरखडा नव्हता. सोळा चेहरे पुसून कोरे झालेले. फेट्यांवर मात्र डाग नाही. पल्लवीचा सतरावा होता तसाच.

"मी चिठ्ठी बदलणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?" मी विचारलं.

त्याने खोकं घागरीशेजारी ठेवलं.

सरलाबाईने तांब्या पुढे केला. "पानी पी भो, अन जाय."

त्याने घागरीकडे पाहिलं. पाणी न पिता गेला.

पुढच्या रविवारी पल्लवीने सतराव्याला चेहरा दिला. एक डोळा जरा मोठा झाला, पण बापाला आवडला असता. बाकीचे सोळा ती एकेक करून रंगवते आहे. खाली आम्ही निंबाचं नाव लिहितो. त्या डोळ्यांना काही होत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

माझा स्वतःचा एक शिपाई आहे. पहिला, तीस वर्षांपूर्वीचा. नव्या पोरांना मी तोच दाखवतो. पावसाळ्यात एका सोमवारी पाहिलं... त्याला डोळे नव्हते.

निंबाचा गिलास पल्लवी धुऊन, स्वच्छ पाणी भरून माझ्याकडेच ठेवून जाते. त्यातलं पाणी काळं झालं होतं.

मी डोळे पुन्हा काढले. पुन्हा गेले. आतापर्यंत नऊ वेळा.

गजेंद्रने नेले, हे खरं. पण 'द्या' कोण म्हणालं होतं?

आजही डोळे रंगवलेत. गिलास कोरडा करून पालथा घातलाय. खिडकीबाहेर माग चालू आहेत, म्हणून दुसरं काही ऐकू येत नाही.

ते थांबू नयेत, एवढंच वाटतं.